धारेआधीचा भरवसा

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर सकाळ-संध्याकाळ म्हशी उभ्या असतात. भर वस्तीत, रहदारीला लागून. रिक्षांचे हॉर्न वाजत असतात, दुचाक्या जवळून जातात, दुधाची वाट बघत गिऱ्हाइकं ताटकळलेली असतात. गवळी म्हशीच्या बगलेला उकिडवा बसतो, कासेवर पाणी मारतो, सडांवरून हात फिरवतो आणि थोड्या वेळात भांड्यात धार वाजू लागते. फेसाळलेलं धारोष्ण दूध पेल्यात ओतून लगेच समोरच्याच्या हातात जातं. म्हैस रवंथ करत उभी. बाहेरगावच्या पाहुण्याला कौतुक वाटतं ते ताज्या दुधाचं. खरं कौतुक करायला हवं ते म्हशीचं आणि तिच्या गवळ्याचं. एवढ्या गलबल्यात, अनोळखी माणसांच्या घोळक्यात तिने पान्हा सोडावा, ही सहज घडणारी गोष्ट नाही.

म्हैस मुळात लाजरी आणि सवयीची गुलाम. घरातली रोजची धार काढणारी बाई माहेरी गेली की म्हैस दूध चढवते, हा अनुभव गोठा असलेल्या जवळजवळ प्रत्येक घरात आहे. कट्ट्यावरच्या या म्हशी बहुतेक पंढरपुरी जातीच्या. पंढरपूर, सांगोला, मंगळवेढा हा त्यांचा मूळ मुलूख. तलवारीसारखी लांब शिंगं खांद्याच्याही मागे गेलेली. कोल्हापूरच्या गवळ्यांनी ही जात पिढ्यान्‌पिढ्या शहरात सांभाळली. गिऱ्हाईक येईल तसं थोडं थोडं दूध काढायचं, मध्ये थांबायचं, पुन्हा बसायचं, ही रीत या जनावरांच्या अंगवळणी पडली आहे. म्हशीच्या कासेची रचना लक्षात घेतली, तर या रीतीमागे किती मोठा भरवसा उभा आहे ते कळतं.

कास म्हणजे दुधाने भरलेली पिशवी, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात दूध तयार होतं ते कासेतल्या असंख्य सूक्ष्म फुगीर कोशांमध्ये, आणि बरंचसं तिथेच अडकून राहतं. सडाच्या वरच्या बाजूला एक पोकळी असते. तिच्यात आपोआप उतरलेलं दूध तेवढं सरळ पिळून निघतं. गाईत हा वाटा साधारण पाचवा हिस्सा असतो. म्हशीत तो जेमतेम शंभरात पाच. उरलेलं पंचाण्णव टक्के दूध कोशांतून खाली यायचं, तर प्रत्येक कोशाभोवती जाळीसारख्या पसरलेल्या स्नायुपेशी आकसाव्या लागतात. त्यांना तसा निरोप देणारं रसायन म्हणजे ऑक्सिटोसिन. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीतून ते रक्तात उतरतं आणि रक्तावाटे कासेपर्यंत पोचतं. वासराने सड तोंडात धरला, ओळखीच्या हाताने कास चोळली, आंबोणाची बादली खणखणली, की हा निरोप सुटतो. त्याचा असर काही मिनिटंच टिकतो. तेवढ्यात धार निघाली तर निघाली.

हा निरोप वाटेत अडवणारंही एक रसायन शरीरात आहे. जनावर दचकलं, घाबरलं, दुखावलं की अ‍ॅड्रेनलिन उसळतं. त्याने कासेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळतात, ऑक्सिटोसिन पुरेसं पोचत नाही आणि पोचलं तरी स्नायुपेशी दाद देत नाहीत. म्हैस दूध ‘चोरते’ असं आपण म्हणतो, पण त्यात तिचा काही डाव नसतो. तिच्या हातात ते नसतंच.

हे कोडं सुटलं ते १९४१ साली. अमेरिकेतल्या एली आणि पीटरसन या दोन शास्त्रज्ञांनी गाईच्या कासेच्या एका बाजूच्या नसा कापल्या. पान्हा नसांवाटे येत असेल, तर ती बाजू कोरडी राहायला हवी होती. पण दोन्ही बाजूंना सारखाच पान्हा आला. म्हणजे निरोप रक्तातून येत होता. मग त्यांनी उलट बाजू तपासली. धार काढायच्या वेळी गाईच्या पाठीवर मांजर ठेवलं आणि दर दहा सेकंदांनी कागदी पिशवी फोडून दोन मिनिटं आवाज केले. पान्हा आटला. अ‍ॅड्रेनलिन टोचलं तेव्हाही तेच घडलं. आजच्या नजरेने हा प्रयोग निर्दयच वाटतो. पण भीतीने दूध अडतं ही गोठ्यातली जुनी जाण त्यातून पहिल्यांदा शरीरशास्त्राच्या भाषेत मांडली गेली.

पुढच्या काळात संशोधकांनी रक्तातलं ऑक्सिटोसिनच मोजायला सुरुवात केली. १९९० च्या दशकात रूपर्ट ब्रुकमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की गाईला नुसतं अनोळखी जागी नेऊन धार काढली, तरी ऑक्सिटोसिन कमी सुटतं. तिला कोणी मारलेलं नसतं, काही दुखलेलं नसतं. जागा परकी, एवढंच पुरतं. आता गंगावेशीचा कट्टा पुन्हा नजरेसमोर आणावा. तिथली रहदारी आपल्याला गोंधळ वाटते. त्या म्हशीला ती तिच्या गोठ्याइतकीच ओळखीची आहे. रोज तीच वाट, तोच कोपरा, तोच माणूस, तोच हात. जनावराचा भरवसा शांततेवर टिकून नसतो, ठरलेपणावर टिकतो. पुढे काय होणार हे कळत असलं, की जनावर निर्धास्त राहतं.

याचं आणखी एक रूप कोल्हापुरातच दिवाळीच्या पाडव्याला दिसतं. गवळी म्हशींना न्हाऊ-माखू घालतात, शिंगं रंगवतात, मोरपिसं आणि कवड्यांच्या माळा बांधतात आणि मिरवायला आणतात. मालक मोटारसायकलवर बसतो, गाडी रेटतो आणि त्याची म्हैस त्या फटफटीच्या मागे धावत सुटते. पाचएकशे किलोंचं जनावर, दोन्ही बाजूंना माणसांच्या रांगा, आरडाओरडा. आणि ती मात्र आपल्या माणसाच्या गाडीचा आवाज धरून सरळ पळते. मागून हाकलायला कोणी नसतं. गर्दीत बुजून ती कुणाच्या अंगावर गेली तर अनर्थ होईल, हे मालकाला ठाऊक असतं. तरीही तो तिला आणतो, कारण वर्षभर रोज पाण्यावर नेताना, कट्ट्यावर नेताना तिने हाच आवाज ऐकलेला असतो.

जनावर माणसांना वेगवेगळं ओळखतं का, हा प्रश्न शेतकऱ्याला विचारला तर तो हसेल. पण किती बारकाईने ओळखतं, हे मोजून पाहणं आवश्यक होतं. जेफ्री रशन, अ‍ॅन मारी द पासिले आणि लेने मुंक्सगार्ड या संशोधकांनी त्यासाठी एक साधी मांडणी केली. एक माणूस गाईशी प्रेमाने वागायचा, दुसरा धसमुसळेपणाने. गाई दोघांना लवकरच ओळखू लागल्या. ओळखीसाठी त्या कपड्यांच्या रंगाचाही आधार घेत. मग धार काढताना त्या दुसऱ्या माणसाला जवळ नुसतं उभं केलं. तो काही करत नव्हता, बोलत नव्हता. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात, तो जवळ असताना कासेत शिल्लक राहिलेलं दूध सत्तर टक्क्यांनी वाढलं.

हा आकडा नीट समजून घ्यायला हवा. एकूण दूध सत्तर टक्के घटलं असा त्याचा अर्थ नाही. धार संपल्यावर कासेत जे राहतं ते तेवढ्याने वाढलं. पण मागे राहिलेलं दूध दोन प्रकारे नडतं. त्या वेळचं दूध हातचं जातंच, शिवाय कास रिकामी होत नाही म्हणून शरीर पुढचं दूधही कमी तयार करू लागतं. एका रागीट गड्याची किंमत अशी महिनोन्‌महिने मोजावी लागते, आणि मालक मात्र पेंड बदलून बघतो.

डुकरांच्या बाबतीत हेच थोडं आधी लक्षात आलं होतं. ऑस्ट्रेलियाचे पॉल हेम्सवर्थ यांनी १९८१ साली नेदरलँड्समधल्या १२ वराहपालन केंद्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येक ठिकाणी एकच माणूस सगळं बघायचा. जात एक, खाद्य तेच, व्यवस्था सारखी, आणि तरीही पिलांच्या संख्येत फरक. जिथल्या माद्या माणसापासून दूर पळत, तिथे पिलं कमी. नंतर हेम्सवर्थ आणि ग्रॅहम कोलमन यांनी ऑस्ट्रेलियातल्या ६६ दूध फार्मवर गाईंकडे मोर्चा वळवला. फटके, ढकलणं, शेपूट पिळणं असा त्रासदायक स्पर्श जिथे जास्त, तिथे दूध कमी, असा संबंध त्यांना आढळला. यातली बोचणारी बाब अशी, की हे फटके जबर नसतात. चालता चालता पाठीवर मारलेली थाप, दारातून आत घेताना दिलेला रट्टा. देणारा तो विसरूनही जातो. जनावर त्यांची बेरीज करत राहतं.

मग चांगला स्पर्श कोणता? इथे जनावर एकमेकांशी कसं वागतं ते पाहायला हवं. गाई एकमेकींना चाटतात ते मानेवर, गळ्याखाली, वशिंडाच्या आसपास; म्हणजे जिथे स्वतःची जीभ पोचत नाही तिथे. व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातल्या क्लाउडिया श्मिड आणि सुझान वाइब्लिंगर यांनी २००८ साली माणसाच्या हाताने याच जागा चोळून पाहिल्या. गळ्याखाली हात फिरवला, की गाई मान लांब करून पुढे काढत आणि कान सैल सोडत. छातीच्या बाजूला चोळण्याला एवढी दाद नव्हती. कुठल्याही गोठ्यात हे पाहता येतं. गळ्याखालच्या लोंबत्या पोळीवर बोटं खालीवर फिरवली, तर जनावर हळूहळू हनुवटी वर करतं, डोळे अर्धवट मिटतं, आणि हात थांबला की मान आणखी पुढे ढकलतं. कपाळावर थोपटणं मात्र पुष्कळदा उलटं पडतं. टक्कर कपाळाने घेतली जाते. वासराचं कपाळ लाडाने रेटत राहिलं, की ते मोठेपणी माणसाला ढुशी द्यायला शिकतं.

त्याच विद्यापीठात २०२० साली आणखी एक गंमतशीर गोष्ट तपासली गेली. कालवडींच्या गळ्याखाली हात फिरवताना एकदा माणूस स्वतः हळू आवाजात बोलत होता, आणि एकदा तेच बोलणं स्पीकरवरून ऐकवलं जात होतं. कालवडी दोन्ही वेळा सैलावल्या, पण समोरच्या माणसाच्या खऱ्या आवाजाने अधिक. धार काढताना जनावराशी पुटपुटत राहणाऱ्या आजीबाईला कुणी वेडी म्हटलं असेल, तर त्याने हे जरूर वाचावं.

जवळ जाण्याचीही एक पद्धत आहे. गाई-म्हशींचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्यांना जवळजवळ चौफेर दिसतं. अगदी शेपटीमागचा पट्टा तेवढा आंधळा. तिथून अचानक हात लागला, तर लाथ येणारच. अमेरिकेतल्या पशुविज्ञानाच्या प्राध्यापिका टेंपल ग्रँडिन यांनी जनावराभोवतीच्या एका अदृश्य कुंपणाची कल्पना लोकांपर्यंत पोचवली. त्या कुंपणाच्या आत पाऊल टाकलं की जनावर सरकतं, बाहेर आलं की थांबतं. माणूस त्याच्या खांद्याच्या मागे असला तर ते पुढे जातं, खांद्याच्या पुढे आला तर मागे हटतं. भरवसा वाढत जातो तसं हे कुंपण आकसतं, आणि हाताळलेल्या जनावरात ते जवळपास नाहीसंच होतं. मोकळ्या कुरणात हा हिशेब उघड दिसतो. आपल्याकडे जनावर दाव्याला बांधलेलं असतं, त्यामुळे ते सरकू शकत नाही, आणि मालकाला वाटतं की ते निवांत आहे. गप्प उभं असणं आणि निर्धास्त असणं यांत मोठा फरक आहे. तो डोळ्यांत दिसतो. नॉर्वेतल्या संशोधकांनी २००२ साली गाईच्या डोळ्यातला दिसणारा पांढरा भाग मोजला. वैतागलेल्या गाईत तो वाढायचा, समाधानी गाईत कमी व्हायचा. आपले जाणते बाजारात जनावर घेताना डोळा बघतात. त्यांच्या त्या पारखीत तथ्य आहे.

भरवशाला पळवाटा शोधण्याचा इतिहासही जुना आहे, आणि तो वाचताना मन खिन्न होतं. वासरू दगावलं, की त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते आईपुढे ठेवायचं, म्हणजे ती चाटते आणि पान्हावते. यात निदान तिच्या मायेचा आधार घेतला जायचा. फुंका मात्र निव्वळ छळ होता: जनावराच्या योनीमार्गात जोराने हवा फुंकायची, म्हणजे पान्हा उतरतो. शरीरशास्त्र तेच, तिथल्या ताणाने मेंदूकडून ऑक्सिटोसिन सुटतं. या प्रकाराने महात्मा गांधी इतके व्यथित झाले, की गाई-म्हशीचं दूध त्यांनी वर्ज्य मानलं. १९१८-१९ च्या आजारपणात ते मरणाच्या दारी होते, तेव्हा कस्तुरबांनी सुचवलं म्हणून शेळीचं दूध घ्यायला तयार झाले, आणि त्याचीही रुखरुख त्यांना राहिली. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातलं बारावं कलम फुंक्याला बंदी घालतं, आणि दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्याला घातक असं काही टोचण्यालाही.

आज फुंक्याची जागा इंजेक्शनने घेतली आहे. शहरांभोवतीच्या काही तबेल्यांत वासरं लवकर विकली जातात किंवा मरू दिली जातात, गडी बदलत राहतात, आणि धारेआधी म्हशीला ऑक्सिटोसिन टोचलं जातं. २०१८ साली केंद्र सरकारने हा गैरवापर पुढे करून खासगी कंपन्यांना देशातल्या वापरासाठी हे औषध बनवायला मनाई केली. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, कारण बाळंतिणीचा अतिरक्तस्राव थांबवायला हेच औषध लागतं आणि त्याचा तुटवडा जिवावर बेतला असता. प्रश्न मात्र गोठ्यात तसाच राहिला. रोज सुई घेणाऱ्या म्हशीच्या शरीराला पुढे सुईशिवाय पान्हा सोडणं जड जातं. ओळखीच्या हाताने दोन मिनिटं कास चोळली असती तर जे फुकट मिळालं असतं, तेच विकत घ्यावं लागतं, तेही जनावराला रोज दुखवून. हा व्यवहार दयेच्या आणि पैशाच्या, दोन्ही हिशेबांत बसत नाही.

नावाने हाक मारल्याने फरक पडतो का? ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या कॅथरीन बर्टनशॉ आणि पीटर रोलिन्सन यांनी ५१६ दूध उत्पादकांना विचारलं. जिथे गाईंना नावं होती, तिथे एका वेतात सरासरी २५८ लिटर दूध जास्त होतं. या अभ्यासाला २००९ साली ‘इग नोबेल’ हे विनोदी पारितोषिक मिळालं आणि बातम्या झाल्या. पण नावात जादू असते असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. जो माणूस तांबडी, कपिली, चंद्री अशी नावं ठेवतो तो प्रत्येकीकडे वेगळं लक्ष देतो, कोणी चारा खाल्ला नाही तर त्याच दिवशी त्याच्या ध्यानात येतं. दुधातला फरक बहुधा तिथून येत असावा. शंभर जनावरांच्या गोठ्यात कानातल्या बिल्ल्यावरचा नंबर लागणारच. लक्ष मात्र नंबरालाही देता येतं.

ही सवय लावायची वेळ कोवळी असते. वासरू दावणीला असताना रोज थोडा वेळ अंग घासणं, पाय उचलून बघणं. कालवड गाभण झाली की कासेला हात लावण्याची ओळख करून देणं. पहिलटकरणीला विण्याआधी कोणी हातच लावला नसेल, तर पहिली धार ही तिच्यासाठी झटापट ठरते. मग मागचे पाय बांधायचे, दोघांनी दाबून धरायचं, आणि ती जन्मभर धारेच्या वेळी अंग चोरणार. ज्या गोठ्यात हे काम घरातल्या बायका आणि पोरं करतात, तिथे ते न शिकवता होऊन जातं. मजुरांवर चालणाऱ्या गोठ्यात ते शिकवावं लागतं, आणि शिकवता येतं. हेम्सवर्थ आणि कोलमन यांनी २००२ साली ऑस्ट्रेलियातल्या दूध फार्मवरच्या कामगारांच्या प्रशिक्षणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. जनावर कसा विचार करतं, थाप आणि फटका यांत काय फरक आहे, एवढंच समजावून त्यांच्या सवयी बदलल्या. गाईंची माणसाबद्दलची भीती घटली आणि दूधही सुधारलं. आपल्याकडच्या दुग्धव्यवसायाच्या शिबिरांत मुरघास, खनिज मिश्रण, कृत्रिम रेतन यांवर तासन्‌तास बोललं जातं. हाताबद्दल एखादं सत्र ठेवायला काहीच हरकत नाही.

लसीकरणाचा दिवस ही या सगळ्याची परीक्षा असते. लाळ्या-खुरकुताची लस टोचावीच लागते, शिंगं खुडावी लागतात, खूर कापावे लागतात, आणि दुखतं. जनावर ते दुखणं माणसाशी आणि जागेशी जोडून ठेवतं. त्यामुळे जाणते पशुपालक अशी कामं धारेच्या जागी करत नाहीत. जनावर दुसरीकडे, झाडाखाली किंवा खोड्यात नेतात. वेसण धरायला धार काढणारा पुढे होत नाही, गोठ्यातला दुसरा कोणी धरतो. डॉक्टर गेल्यावर मात्र धार काढणाराच हिरव्या चाऱ्याची पेंढी घेऊन येतो, जनावराने तोंड पुढे करेपर्यंत थांबतो आणि गळ्याखाली हात घालतो. त्या संध्याकाळी दूध थोडं कमीच निघतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्ववत झालं का, हे तो भांड्यात डोकावून बघतो.